करंड्यातला देव

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार
(तुझ्याकडं बहुतेक सोमवार लागला असंल)

शिवलीला,

आशीर्वाद लिहू का नको, इथनंच माझं अडलंय. लिहावा, तर पावणेतीन वर्षांत एकदा तुझ्या दारात आले न्हाय. न लिहावा, तर मी आई कशाची? तूच काय ते समजून घे. पत्ता आक्कानं दिला. शिरोलीत घर, मागच्या अंगाला जावई सम्मेदरावांचं फाउंड्रीचं साचे करायचं शेड, एवढंच बोलली. मावशीवर रागवू नगंस, मीच तिचं डोकं खाल्लं.

आम्ही अमेरिकेत हाय. सप्टेंबरात आलो. स्वामीजींनी तुझ्या अप्पास्नी मठात बोलावलं आणि म्हणालं, "गुरुजी, तिकडं आपल्या लिंगायत लोकांनी प्रार्थनामंदिर काढलंय. पोरांना इष्टलिंगाची पूजा शिकवायला कोणी नाही. दोन वर्षं जाऊन या." अप्पा कोडोलीच्या शाळेतनं हेडमास्तर म्हणून रिटायर झाल्यापासनं कोल्हापूरच्या घरात एकट्या मलाच शिकवत हुतं. लगेच व्हय म्हणालं. मला कुणी इचारलं न्हाय. मी चटणी, मसाला, विभूतीचे गोळे बांधले आणि विमानात बसले.

मंदिर म्हणजे आधीचं गालिच्याचं दुकान हाय. पुढं हॉल, मागं दोन खोल्या, त्यात आम्ही. शेजारी टायरवाला. सकाळी दोघांची पूजा झाली की तुझं अप्पा हॉल झाडाय जात्यात. व्हय, तुझं अप्पा! जन्मात कधी केरसुणी हातात धरली न्हाय त्या माणसानं. बोलावलं तरी अर्धा तास आत येत न्हाईत. काय इचारलं तर म्हणत्यात, सेवा आहे. मला काय कळंना बघ. मग दिवसभर कुणाकुणाचं फोन. कुणाला विभूती पायजे, कुणाच्या बाळाला इष्टलिंग बांधायचंय. रविवारी साठ माणसांचा परसाद मी करते. मंडळाचा सेक्रेटरी महांतेश निपाणीकडचा हाय, तो आणि त्याची बायको विद्याश्री, एवढीच दोघं आपल्यासारखी बोलत्यात. पोरं तर समदी इंग्रजी. एका बारकीनं विद्याश्रीकरवी मला इचारलं, आजी, शिवाला फोन हाय का? म्हटलं, असता तर पहिला मीच केला असता.

पहिल्या आठवड्यात मिरच्या भाजाय घेतल्या तर छताला लावलेली धुराची घंटा वाजाय लागली. बंद कशी करायची कुणाला ठावं! अप्पा खुर्चीवर चढून पंचा हलवत्यात, तवर आगीचा बंब दारात. चार धिप्पाड माणसं खोकत खोकत आत. मी आपलं त्यास्नी पाणी दिलं. तवापासनं मिरच्या बंद.

परवा एक म्हातारा-म्हातारी आली. गोरी. तीबी आमच्यासारखीच, त्यांच्या देवळानं दुसऱ्या गावाहून दोन वर्षांसाठी धाडलेली, घरोघर जाऊन धर्म सांगत्यात. त्यास्नी वाटलं आम्ही त्यांच्या देवाकडं यावं, आणि अप्पा त्यास्नी बसवण्णा सांगाय लागलं. दोन तास! कोण कुणाला बाटवतंय कळंना. म्हातारीचं नाव मार्गारेट. तिनं नातवंडांचं फोटो दाखवलं आणि अप्पास्नी इचारलं, तुम्हाला मुलंबाळं? अप्पा म्हणालं, नो. शिवलीला, मला इंग्रजी येत न्हाय, पण तेवढं कळलं. मी भांड्याकडं तोंड करून उभी राहिले.

म्हणून हे पत्र. आता खरं सांगते. तुझं गळ्यातलं इष्टलिंग माझ्यापाशी हाय.

तू लग्नाला निघालीस त्या दिवशी अप्पा म्हणालं, "जैनाच्या घरी जायचं तर गळ्यातलं इथं ठेवून जा. त्या घरचं पाणी मी मरेपर्यंत ओठाला लावणार नाही." तूबी त्यांचीच लेक. दोरा काढलास, देवघरात ठेवलास आणि मागं न बघता गेलीस. अप्पांनी मला सांगितलं, मठात देऊन ये. मी दिलं म्हटलं. दिलं न्हाय. तुझी चांदीची डबी तेवढी आक्काकडं ठेवली आणि देव पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या कुंकवाच्या करंड्यात घातला. कुंकू कागदात बांधून निराळं ठेवलं. तवापासनं माझी पूजा झाली की अप्पा बाहेर जायची वाट बघते आणि न्हाणीत कडी लावून तुझी करते. इथंबी तेच.

आपल्यात एकाचा देव दुसऱ्यानं पुजायचा नसतो, हे मला म्हाईत न्हाय का? गुरूनं ज्याच्या तळहातावर दिला त्याचाच तो. मग हे जे मी करते ते पुण्य हाय का पाप? मठाला इचारायची सोय न्हाय, अप्पास्नी तर न्हायच न्हाय. तूच सांग मी काय करू. पत्र विद्याश्रीच्या पत्त्यावर घाल, खाली लिहिलाय.

अव्वा


९ जानेवारी २०००

शिवलीला,

तुझं पत्र आलं न्हाय. आता उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण मी एक करून बसलेय.

गेल्या रविवारी सकाळी तुझं अप्पा दारातला बर्फ काढाय गेलं. महांतेश सांगून दमला, गुरुजी, मी येतो, तुम्ही हात लावू नका. पण ऐकतील तर अप्पा कसले! पोरं घसरतील म्हणालं आणि स्वतःच घसरलं. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं, कपडं कापूनच काढलं, लगेच ऑपरेशन.

शुद्धीवर आलं आणि पहिला हात छातीवर गेला. गळ्यात काय न्हाय. डबी न्हाय, दोरा न्हाय. माझ्याकडं बघितलं, आणि पोरी, ती नजर मला सांगता यायची न्हाय. सत्तरीचा माणूस, जत्रंत हरवल्यावाणी.

महांतेशनं नर्सांना इचारलं, खालच्या मजल्यावर इचारलं, कचऱ्याच्या पिशव्या बघितल्या. तो इंग्रजीत सांगतोय, जांभळाएवढा काळा दगड, चांदीच्या डबीत. त्या लिहून घेत्यात, दागिना. दागिना न्हाय, तो त्यांचा जीव हाय, असं इंग्रजीत कसं सांगायचं ते त्यालाबी कळंना. मठात फोन लावला तर स्वामीजी काशीला गेलेले.

अप्पांनी तोंड मिटलं. लिंगपूजेशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाय, हे जन्मभर पाळलेलं. सलाईन शिरेतनं जाऊ दिली, पण पाणी न्हाय, गोळी न्हाय. डॉक्टर म्हणाला, साखर वरखाली होतीया, वय झालंय, असं चालणार न्हाय. एक दिवस. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अप्पा मला म्हणालं, "गौरा, देव हरवलेल्यानं जगायचं नसतं, हे मी पोरांना शिकवतो. आता माझी परीक्षा आहे." मी म्हटलं, आग लागो तुमच्या परीक्षेला! असं मी त्यास्नी आयुष्यात बोलले न्हवते.

विद्याश्रीला म्हटलं, मला घरी ने. करंडा उघडला. तुझा देव घेतला, नवा दोरा घेतला, परत गेले. आणि म्हणाले, सापडला हो, नर्सबाईंनी आणून दिला, डबी तेवढी गेली.

अप्पांनी हातात घेतला. लई येळ मूठ मिटून बसलं. मग डोळं मिटून पूजा केली, पडल्या पडल्या. आणि म्हणालं, पाणी दे.

जीव वाचला. पण मी काय केलं? तुला त्यांनी जे गळ्यातनं काढाय लावलं, ते आता त्यांच्याच गळ्यात हाय, आणि त्यास्नी म्हाईत न्हाय. आपल्यात समदी इष्टलिंगं दिसायला सारखीच असत्यात. उद्या काय बरं-वाईट झालं तर त्यांच्या हातात तुझा देव देऊन माती द्यायची का? मला रडू येतंय का हसू, तेच कळंना.

अव्वा


१७ फेब्रुवारी २०००

शिवलीला,

तुझं पत्र विद्याश्रीनं आणून दिलं. पाकीट बघून मी चार घरं सांगत सुटले असते, पण इथं सांगाय घरंच न्हाईत. न्हाणीत जाऊन वाचलं.

तू लिहिलंस, "माझा देव होता तो, अडगळीतलं भांडं नव्हे. मला विचारलंस का? त्यांनी काढायला लावला तेव्हा तू भिंतीला टेकून उभी होतीस. आता त्यांनाच देऊन टाकलास?"

उभी हुते. खरं हाय. मला तवा वाटलं दोघंबी थोड्या दिवसांत गार व्हाल. तुम्ही दोघं गार व्हायची माणसं न्हाय, हे मला कळायला पायजे हुतं.

आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंस की दिवस गेल्यात, मे महिन्यात हाय. अगं, असली बातमी पत्राच्या बुडाला लिहित्यात व्हय! तुझी सासू सीताबाई म्हणत्यात ना, आमच्या देवळात ये आणि घरात तुझा देव तू कर, कोण अडवतंय? ह्या बाईला मी शिव्या घातल्यात गं मनातल्या मनात, तीन वर्षं. तिच्या पाया पडते म्हणून सांग. आणि तू म्हणतीस, बाळंतपणाआधी माझा मला पायजे, गळ्यात घालूनच दवाखान्यात जाईन.

तुझं बरोबर हाय. पण गळ्यातनं काढू कसा? अप्पा झोपताना काढत न्हाईत, अंघोळीला काढत न्हाईत. मागावा तर खरं सांगावं लागणार. खरं सांगितलं आणि पुन्हा पाणी सोडलं तर? तुझा देव तुला मिळंल, पण त्याच्यापायी बाप जाईल. न दिला तर तू जाशील, तू परत कागद लिहायची न्हाईस, मला म्हाईत हाय. दोन्हीकडनं मीच मरते बघ.

१९ फेब्रुवारी

कालपर्यंत हे टाकलं न्हाय, बरं झालं. दवाखान्यातनं एक प्लास्टिकची पिशवी आली. अप्पांचं घड्याळ, दातांची कवळी, आणि चांदीची डबी. डबीत त्यांचा देव. चुकून दुसऱ्याच कुणाच्या सामानात गेलता म्हणं, चिठ्ठी लिहून माफी मागितलीया.

मी पिशवी घेतली तवा अप्पा हॉलमध्ये पोरांना शिकवत हुतं. कुबडी बाजूला, तळहातावर तुझा देव, आणि सांगत्यात, "इष्टलिंग आपल्या आईलासुद्धा द्यायचं नाही, बापालासुद्धा नाही. ज्याचं त्यालाच." मी दाराआड पिशवी छातीशी धरून उभी.

आता त्यांचा देव माझ्या करंड्यात हाय. तुझा त्यांच्या गळ्यात. माझा माझ्या गळ्यात, तेवढाच जागेवर. सकाळी अप्पा कुबडी टेकत टेकत हॉल झाडाय जात्यात — पाय मोडला तरी ते सुटलं न्हाय — आणि मी न्हाणीत नवऱ्याच्या देवाला विभूती लावते. कुणी बघितलं तर येड लागलं म्हणतील. मलाच खात्री न्हाय लागलं न्हाय म्हणून.

आणि एक. अप्पा आताशा पूजा करताना रडत्यात. खुबा दुखतोय म्हणत्यात.

अव्वा


२ एप्रिल २०००

शिवलीला,

बस आणि वाच. आठवा लागलाय का नववा? उभ्यानं वाचू नगंस.

तुझं दुसरं पत्र आलं, त्यात एकच ओळ, "पाठवतेस की नाही?" म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. अदलाबदल करायची ठरवली. पूजा झाली की देव फडक्यात गुंडाळून परत बांधायच्या आधी एक पळभर तळहातावर उघडा असतो. मी त्यांचा देव पदराखाली घेतला, नवीन फडकं घेतलं आणि म्हणाले, द्या हो, फडकं मळलंय, मी बदलून देते.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या हातात कधी देव दिला न्हाय, आणि मी म्हणे फडकं बदलते! असली अक्कल माझी.

अप्पांनी मूठ मिटली. म्हणालं, "गौरा, करंड्यातला तिथंच राहू दे."

माझ्या हातनं फडकं खाली पडलं. म्हटलं, कसला करंडा? ते रागावलं किंवा हळवं झालं की पुस्तकातलं बोलत्यात, तुला म्हाईत हाय. म्हणालं, "हा माझा नाही; माझा पिशवीतून परत आला तेही पाहिलं मी. पहिल्याच दिवशी कळलं. आठ वर्षांची होती, दीक्षा होऊन आठवडा झाला नव्हता, शहाबादी फरशीवर पाडला तिनं. कडेचा लेप उडाला. रडून घर डोक्यावर घेतलं. मी मठात जाऊन लेप भरून आणला, पण खळगा राहिला. अंगठ्याला लागतो."

शिवलीला, तीन वर्षं रोज मी तो खळगा बोटानं पुसत आले. आणि देताना माझ्या टाळक्यात आलं न्हाय!

म्हटलं, कळलं हुतं तर मग पाणी कसं मागितलंत? दुसऱ्याचा देव चालत न्हाय ना तुम्हाला? तर म्हणालं, "दुसऱ्या कुणाचा असता तर परत दिला असता आणि डोळे मिटले असते." एवढंच. मग खिडकीकडं तोंड करून बसलं. मीबी बसले. फोन आला तर कुणी उचलला न्हाय.

खिडकीकडंच बघत म्हणालं, "तिनं मागितलाय का?" मी पत्र दिलं. ती एक ओळ चष्मा लावून चार वेळा वाचली. आणि मग मी बाळाचं सांगितलं. कुबडी घेऊन हॉलमध्ये गेलं आणि झाडलेला हॉल परत झाडला.

मला वाटलं, आता माझ्यावर उखडतील, मंडळाला सांगतील, प्रायश्चित्त काढतील. तसलं काय न्हाय. मला तर भीतीच वाटाय लागली. रागावलेला माणूस कळतो गं, हा असला कळत न्हाय.

१६ एप्रिल

हे पत्र पोस्टात घालायचं राहिलं त्याला कारण झालं.

अप्पांनी स्वामीजींना लिहिलं. मला वाचून दाखवलं: "मी मुलांना जे शिकवतो ते मीच पाळलेले नाही. दुसरा कोणी पाठवावा." महांतेशनं हातापाया पडून बघितलं. पोरांनी कागदाची फुलं करून दिली. स्वामीजींचा फोन आला, तर ते म्हणालं म्हणे, "गुरुजी, आता शिकवायला लायक झालात, आणि आत्ताच परत येता?" मला त्याचा अर्थ लागंना. पण तिकिटं काढलीत.

म्हटलं, तुमचा देव करंड्यातनं घ्या की आता, आणि तिचा मी फडक्यात बांधून घेते. न्हाय म्हणालं. तिचा तिच्या हातात देईपर्यंत गळ्यातनं उतरणार न्हाय, एकदा उतरवला तेवढा बास, म्हणालं. मग तुमचा? तुमची पूजा कुणी करायची? तर माझ्याकडं बघून म्हणालं, "तू करतेसच की." म्हाताऱ्याचा देव बायकोच्या करंड्यात, लेकीचा देव म्हाताऱ्याच्या गळ्यात, असं आम्ही दोघं समुद्रावरनं उडत येणार. शास्त्रात हे कुठं बसतंय तू शोधू नगंस, मी सोडून दिलंय.

काल मार्गारेटबाई भेटाय आल्या. अप्पास्नी म्हणाल्या, आता घरी जाऊन काय करणार? अप्पांनी बोट वर केलं आणि म्हणालं, वन डॉटर. मार्गारेटबाई गोंधळल्या. मागच्या खेपेला नो म्हणालं हुतं ना! मी ह्या खेपेला भांड्याकडं तोंड केलं न्हाय.

तू दार उघडशील का, ते मला म्हाईत न्हाय. तुझा देव तुला मिळंल, एवढं नक्की. सम्मेदरावास्नी काय वाटंल, सीताबाई काय म्हणतील, तूच त्या दिवशीचं सगळं बाहेर काढशील का, मला कशाचाच अंदाज लागंना. काढलंस तर काढ. ह्या खेपेला मी भिंतीला टेकून उभी राहणार न्हाय.

खाली अप्पांनी जागा सोडाय सांगितली. काय लिहिणार ते मला सांगत न्हाईत, आणि पाकीटबी स्वतःच चिकटवणार म्हणत्यात. बघ बाई काय ते.

अव्वा


शिवलीला,

तुझे इष्टलिंग माझ्याजवळ आहे. तू उतरवून ठेवलेस त्या दिवसापासून आजपर्यंत त्याची पूजा एकदाही चुकलेली नाही. पहिली तीन वर्षे तुझ्या अव्वाने केली. मला तेव्हा ठाऊक नव्हते असे तिला अजून वाटते. तिला निवांत करता यावी म्हणून त्या वेळी मी रोज घराबाहेर पडत असे. कोल्हापुरात दूध आणायला जात होतो. इथे हॉल झाडतो.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी येतो. त्या दिवशी मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. दारात आल्यावर आधी तुझ्या घरचे पाणी मागेन. दिलेस तर तुझे तुला देईन. न दिलेस तरी तुझे तुला देईन.

अप्पा